नाखवांचं भुयार

जनार्दन नाखवा मला पहिल्यांदा भेटले ते आमच्या सोसायटीच्या जिन्यात. नवीन पनवेलला राहायला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. हातात ऑफिसच्या नकाशांची गुंडाळी होती. खालून वर येणारा हा उंच, ताठ, पांढऱ्या मिशीचा माणूस बाजूला सरकला, गुंडाळीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे तुम्ही काढता?"

"हो. आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते."

"न बघितलेल्या जागेचा नकाशा काढता येईल? मी तोंडी सांगितलं तर?"

मी हसले. ते हसले नाहीत. "रविवारी दुपारी या," म्हणाले. "दुसरा मजला. बेल जरा जोरात दाबा."

वॉचमनला विचारलं तेव्हा कळलं की बिल्डिंगमध्ये त्यांना रेडिओकाका म्हणतात. मूळचे करंजाचे, उरणकडचे. घराण्यात सगळे मासेमारीतले. हे एकटेच शिकून मोठ्या जहाजांवर रेडिओ ऑफिसर झाले, जगभर फिरले आणि आता एकटेच राहतात. "सज्जन आहेत," वॉचमन म्हणाला, "पण रविवारी घरात राक्षसांबद्दल बोलतात."

मी गेले ती निव्वळ कुतूहलानं. मीही एकटीच राहत होते, आणि नवीन पनवेलचा रविवार फार लांबायचा. इस्त्री झाली, बाजार झाला की उरलेल्या दुपारचं काय करायचं हा प्रश्नच असे.

जेवणाच्या टेबलावर कुकरच्या खोक्याचा पुठ्ठा आडवा उभा केलेला. पुठ्ठ्यामागे नाखवाकाका. इकडे दोन माणसं. एक नईमभाई, पनवेल गावात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दुसरी काकांची बहीण मंदाताई. सकाळी बाजारात मासळी विकून, अंघोळ करून, केसांत अबोलीचा वळेसर माळून आलेली. टेबलावर पेन्सिली, आलेखाचा कागद आणि फासे. पण आपल्या सापशिडीतले नव्हेत. कुणाला चार बाजू, कुणाला आठ, एकाला तर वीस.

"खेळ सोपा आहे," काका म्हणाले. "मी सांगतो तुम्ही कुठे आहात, समोर काय आहे. तुम्ही सांगा काय करता. जिथे निकाल आपल्या हातात नाही, तिथे फासा."

आधी माणूस करायचा होता. तीन फासे सहा वेळा टाकायचे. पहिल्यांदा पडेल ते बळ, मग बुद्धी, मग पुढचं पुढचं. माझ्या बाईला बळ बरं मिळालं, बुद्धी अगदीच बेताची. मी म्हटलं, "हे दोन अदलाबदल करू का?"

"पडलं ते घ्यायचं. जन्माला येताना विचारलं होतं का कुणी?"

त्या बेताच्या बुद्धीच्या बाईनं भुयारातल्या पहिल्याच खोलीतली पेटी उघडली. कुलपात विषारी सुई होती. काकांनी फासा टाकला, पुठ्ठ्यावरून माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "मेलात."

"म्हणजे?"

"म्हणजे मेलात. दुसरी बाई करा. तोवर हे दोघं तुम्हाला पुरतील."

मला राग आला. मंदाताई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "रडू नको गो बाय. माजी पाच मेली. पयल्या दिवशी तर दोन!"

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. मग सहा वर्षं जात राहिले.

काकांचे नियम म्हणजे तीन बारीक पुस्तकं. अशा खेळांची जगात सुरुवात झाली तेव्हाची. एका परदेशी बंदरातल्या खलाशांच्या क्लबात कुणीतरी टाकून दिलेली त्यांना मिळाली होती. पानं पिवळी, शिवण सुटलेली, जाळं विणायच्या बारीक दोऱ्यानं पुन्हा शिवलेली. फासेही त्याच वेळचे. मऊ प्लॅस्टिकचे, टाकून टाकून कोपरे झिजलेले, त्यामुळे वीस बाजूंचा फासा गोटीसारखा घरंगळत जाई आणि टेबलाच्या कडेला कुणीतरी हात लावून तो अडवावा लागे. त्यांच्यावरचे आकडे छापलेले नव्हते, नुसते कोरलेले. त्यांत मेणाचा खडू घासून भरायचा आणि फडक्यानं पुसायचा. दर रविवारी जेवण झाल्यावर काका हे करत बसत. नईमभाई एकदा म्हणाले, "काका, माझ्याकडे मशीन आहे. ॲक्रिलिकचे नवे बनवून देतो. एकदम फर्स्ट क्लास." काकांनी मान हलवली. "ह्यांना आम्ही ओळखतो," एवढंच म्हणाले.

आमची कामंही त्या जुन्या पद्धतीनं वाटलेली होती. एकानं सगळ्यांच्या वतीनं बोलायचं, आणि तो जे बोलेल तेच घडलं असं धरायचं. काका त्याला तांडेल म्हणत. होडीवरचा म्होरक्या असतो तसा. तांडेल बहुतेक वेळा मंदाताईच असे. दुसऱ्यानं नकाशा काढायचा, ती मी. काका पुठ्ठ्यामागून सांगत, "तीस फूट पूर्वेला, मग वाट उजवीकडे तिरकी," आणि मी काढत जाई. त्यांचा स्वतःचा नकाशा तिकडे झाकलेला असे. माझा चुकला तरी ते सांगत नसत. दोन-दोन महिने आम्ही माझ्या चुकीच्या भिंतीवर डोकं आपटत फिरलो आहोत. मी तक्रार केली की म्हणत, "भुयार माझं आहे, नकाशा तुमचा. मी तुमच्यात कशाला पडू?"

चहा कोरा मिळे, जहाजावरच्या सवयीनं. आणि खेळ ऐन रंगात आलेला असताना काका मधेच हात वर करून गप्प होत. घड्याळाकडे बघत आणि काही मिनिटं एक शब्द बोलत नसत. आम्हीही गप्प. सुरुवातीला मला हा खेळातलाच भाग वाटला. मग नईमभाईंनी सांगितलं की जुन्या काळी समुद्रावर ठरलेल्या वेळी, तासातून दोनदा, सगळ्या जहाजांचे रेडिओ मुके होत. कुणी संदेश पाठवायचा नाही. फक्त ऐकायचं. कुठे कुणी बुडत असेल, त्याचं यंत्र दुबळं असेल, तर एवढ्या वेळात तरी त्याची हाक ऐकू यावी म्हणून. ती पद्धत केव्हाच बंद झाली होती. काकांच्या घरात चालू होती.

त्या पुस्तकांतला एक नियम काकांचा विशेष लाडका. भुयारात कुणीही समोर आलं, राक्षस असो की दरोडेखोर, तर तलवारीला हात घालण्याआधी दोन फासे टाकायचे. कमी पडले तर तो चालून येतो, मधले पडले तर विचारात पडतो, जास्त पडले तर चक्क मित्र होतो. काका याला "समोरच्याचं मन बघू" असं म्हणत. एकदा पाण्याखालच्या गुहेत पाच जलराक्षसांनी आम्हाला घेरलं. नईमभाई म्हणाले, "या अल्ला, पळा." मंदाताईनं पदर खोचला.

"कवाधरनं उबे हाव तुमी हितं? जेवलाव का?"

काका पुठ्ठ्यामागे थबकले. "काय?"

"त्यांना इचारते. पान्यात उबं राहून राहून त्यांचे पाय पन दुखत असतील ना. सांग त्यांना, सुकी मासळी हाय आमच्याकडं. भाव नाय करत, घ्या."

काकांनी फासे टाकले. दोन्हींवर मिळून जवळजवळ सगळ्यात मोठा आकडा. त्यांनी तो आम्हाला दाखवला, आणि मग कितीतरी वेळ ते हसत होते, आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. पुढचं वर्षभर त्या जलराक्षसांची आणि मंदाताईची घसट होती. त्यांतल्या एकाच्या लग्नाला आम्ही गेलो.

मधे कामोठ्याचा एक तरुण आला होता, निखिल नावाचा, संगणकातला. हुशार आणि मनमिळाऊ. अशा खेळांची नवी पुस्तकं त्याच्याकडे होती, जाडजूड, रंगीत, गुळगुळीत कागदाची. दोनदा खेळला आणि दोन्ही वेळा मेला. "काका, तुमच्या नियमांत अर्ध्या गोष्टी लिहिलेल्याच नाहीत," तो म्हणाला. "पोहायचं कसं, झाडावर चढायचं कसं, काहीच नाही. आणि एका पानावर एक, दुसऱ्या पानावर भलतंच." काकांनी त्याचं पुस्तक मागून घेतलं, आठवडाभर सगळं वाचलं, कव्हर घालून परत दिलं. "फार छान आहे. सगळंच लिहिलंय ह्यात. मग आपण काय बोलायचं?"

निखिल पुन्हा आला नाही. काका त्यानंतरचे दोन-तीन रविवार पाचवा कप मांडत होते.

त्यांच्या जहाजावरच्या दिवसांबद्दल ते स्वतः क्वचित बोलत. तिथे हा खेळ रेडिओच्या खोलीत चाले. कप्तानाच्या हाताखालचा एक पोलिश सेकंड मेट, गोव्याचा मुख्य आचारी, इंजिनखोलीतला एक फिलिपिनो मोटरमन. चौघांची मिळून चार भाषांतली मोडकी इंग्रजी. नियमात जिथे काही लिहिलेलं नसे तिथे हे चौघं भांडत आणि काहीतरी ठरवत, आणि ठरलेलं काका समासात पेन्सिलीनं लिहीत. मग उपग्रह आले, संदेश आपोआप जाऊ लागले आणि जहाजांवरचं रेडिओ ऑफिसरचं पदच गेलं. "मला कुणी काढलं नाही," काका एकदा म्हणाले. "खुर्ची काढली. मी उभा राहिलो."

बाकीचं मंदाताईनं सांगितलं. एकदा खेळ संपल्यावर मी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले होते. काकांच्या घरात हार घातलेला एक फोटो होता. मी सहज विचारलं, काकांच्या पत्नी कशा गेल्या.

"तापानं. तीन दिवसांत. यो तिकडं लांब, अर्ध्या दुनियेच्या पलीकडं. मुंबईवरनं जहाजाला तार धाडली." ती थांबली. "आता तार घेनारा कोन बाय? त्योच ना! कानाला लावून बसलेला. टिक टिक आयकून एकेक अक्षर लिवत होता. नाव आलं तवाच समाजला आसंल. तरी पुरी लिवून घेतली. मिळाली म्हनून सांगितलं तिकडं, आन् स्वताच कप्तानाला नेऊन दिली. सांजचे ते तिघं खेलायला आले, तर खेलला पन. कुनाला बोलला नाय. पन आचाऱ्याला समाजलं. त्यानं याच्या म्होरं जेवन आनून ठेवलं आन् जेवेपर्यंत हालला नाय."

रिक्षा आली. ती बसली, आणि जाता जाता म्हणाली, "म्हनून मी येते. मना कुटं राक्षस मारायचेत?"

काकांच्या कानांचं आम्हाला उशिरा कळलं. उशिरा, कारण खेळाच्या रीतीत ते लपत होतं. काही धोक्याचं करायचं ठरलं की काका आम्हाला "पुन्हा सांगा" म्हणत. आम्हाला वाटे, विचार बदलायची संधी देतात. मग ते प्रत्येक वेळी "पुन्हा सांगा" म्हणू लागले. टीव्हीचा आवाज जिन्यात ऐकू येऊ लागला. इतकी वर्षं कानाला हेडफोन लावून खरखरीतून आवाज वेचलेले, त्याची वसुली चालली होती.

एका रविवारी आम्ही भुयारात एक चोर पकडून बांधून ठेवला होता. नईमभाईंचा कासम खलाशी विहिरीत उतरलेला. हा कासम दोन वर्षं जिवंत राहिलेला, आमच्यातला सगळ्यात जुना. विहिरीत पाणी चढू लागलं. मंदाताई तांडेल. ती म्हणाली, "दोर सोडते."

काकांनी फासा टाकला. "ठीक. चोर सोडलात. तो पळाला."

आम्हाला गंमत वाटली. नईमभाई हसत म्हणाले, "काका, इधर पानी नाकापर्यंत आलंय."

काका पुस्तकात बघत होते. "पाणी चढलं. कासम बुडाला."

"काका, दोर! दोर म्हणाली ती!"

काकांनी वर बघितलं. एकेकाच्या तोंडाकडे बघत गेले. ओठ हलताना दिसत होते, एवढंच त्यांना मिळत असावं. मग त्यांना समजलं. आम्हालाही त्याच क्षणी समजलं.

"जाऊ दे काका," नईमभाई मोठ्यांदा म्हणाले, "एक कासम गया, दुसरा करतो."

काकांनी तिन्ही पुस्तकं एकावर एक ठेवली. पुठ्ठा घडी करून खाली घेतला. पुठ्ठा मधे नसलेलं ते टेबल मी पहिल्यांदाच बघत होते. "सांगणाऱ्याला ऐकू येत नसेल तर तो खेळ नव्हे, भाषण झालं," ते म्हणाले. "खेळ संपला."

आम्ही खूप समजावलं. नईमभाई ओळखीच्या डॉक्टरकडून कानाचं यंत्र घेऊन आले. ते शिट्टी वाजवी, आणि भांड्यांचा आवाज बोलण्यापेक्षा मोठा करी. मी म्हटलं, आम्ही चिठ्ठ्या लिहून देऊ. त्यांनी ठाम नकार दिला. "चिठ्ठी वाचायला मी एकटा पुरतो. बोलायला चार लागतात." नंतर बेल वाजवली तर दार उघडेना. ऐकू येत नव्हतं की उघडायचं नव्हतं, कोण जाणे. बाल्कनीत उभे असलेले दिसत. आम्ही खालून हात हलवायचो, तेही हलवायचे.

चार-पाच महिन्यांनी मंदाताईकडची किल्ली घेऊन आम्ही तिघं आत शिरलो. काका चकित होऊन बघत राहिले. मंदाताईनं खणातून फासे काढले, पुठ्ठा उभा केला आणि ती त्यांच्या खुर्चीत जाऊन बसली. मग बाजारात देते तसा आवाज दिला. समोरच्या बिल्डिंगमधली माणसं खिडकीत आली.

"दादूस! आज मी सांगनार! तू खेल!"

मला तेव्हा लक्षात आलं की ह्या माणसानं जन्मात कधी हा खेळ खेळला नव्हता. जहाजावरही तेच सांगणारे, इथेही तेच. स्वतःचा असा माणूस त्यांनी कधी केलाच नव्हता. त्यांनी फासे टाकले. पडलं ते घेतलं. बळ फारसं नाही, बाकी सगळं बेताचं. नाव काय, विचारलं तर आठवेना. मग म्हणाले, "जनू."

"जनू, तू भुयाराच्या तोंडाशी हायस. म्होरं दार हाय. काय करतंस?"

काकांनी पुठ्ठ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "दाराला कान लावतो."

त्या पुस्तकांत त्याचाही नियम आहे. सहा बाजूंचा फासा टाकायचा. एक पडला तर आतलं ऐकू येतं. दुसरं काहीही पडलं तर आत खरंच शांतता आहे की आपल्यालाच ऐकू आलं नाही, हे कळत नाही. काकांनी फासा टाकला. तीन.

"काय आयकू येत नाय," मंदाताई ओरडली.

"पुन्हा."

पाच.

"नाय."

"पुन्हा लावतो."

नईमभाई मान खाली घालून चष्मा पुसत होते. काका फासा टाकत राहिले, आणि एक काही पडेना. शेवटी मंदाताई पुठ्ठ्यावरून ओणवी झाली आणि तिनं फाशावर आपला हात ठेवला. "दादूस. उगड दार. मी हाय ना."

"उघडतो," काका म्हणाले.

आता आत काय, हे मंदाताईला ठाऊक नव्हतं. तिनं कधी भुयार रचलं नव्हतं. मग तिला जे माहीत होतं ते ती सांगू लागली. आत करंजाचा धक्का हाय. सकाळ हाय. होड्या लागल्यात. बाया टोपल्या घेऊन उब्या हायत, लिलाव चाललाय. "काय करतंस?"

"उतरतो. बघतो." काकांना तिचं सगळंच ऐकू येत होतं असं नाही, पण ह्या जागेला फार ऐकावं लागत नव्हतं. ते होडीवर चढले. कुणाकुणाला नावानं हाका मारल्या. एका पापलेटसाठी मंदाताईशी एवढी घासाघीस केली की ती खरोखरच चिडली आणि म्हणाली, "जा, नाय देत तुला." संध्याकाळ होईपर्यंत खेळलो. एक राक्षस आला नाही. उठताना काकांचा चेहरा घामानं डवरलेला होता, धावून आल्यासारखा.

असे थोडेच रविवार मिळाले. नईमभाई मुलीकडे राहायला गेले. मला नाशिकला नोकरी मिळाली. काकांना गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलेलं कळेना, दारावरचा माणूस कळेना, तेव्हा मंदाताई त्यांना करंजाला घेऊन गेली. फोनवर ते बोलू शकत नव्हते. मंदाताई सांगे, "बरा हाय. खातो-पितो. गप असतो."

दोन वर्षांनी उरणला एका कामासाठी गेले होते, तेव्हा न कळवता करंजाला पोचले. मंदाताई बाजारात गेली होती. शेजारणीनं मागच्या पडवीकडे बोट दाखवलं. पडवीत चटई होती, बाजूला जाळ्यांचा ढीग. काका माझ्याकडे पाठ करून बसलेले. मोठमोठ्यानं बोलत होते, बहिऱ्या माणसाच्या सपाट आवाजात. कुणी आलंय का म्हणून मी दारातच थांबले.

कुणी नव्हतं. काकांनी फासा टाकला आणि आवाज बदलला. "काका, ये क्या जगह है यार," ते म्हणाले. अगदी नईमभाई. मग स्वतःच्या आवाजात त्यांनी उत्तर दिलं. मग मंदाताई, पदर खोचून. आणि मग एक बाई बोलली, जरा घाईघाईनं, शेवट वर उचलून, "एक मिनिट हं, हा कोपरा काटकोनात नाहीये." मला ओळखायला वेळ लागला. मी तशी बोलते, हे मला ठाऊकच नव्हतं.

मी पुढे होऊन त्यांच्यासमोर आले. त्यांनी वर बघितलं. दचकले नाहीत, शरमलेही नाहीत. आनंद झालेला दिसला. हातानंच चटईवरची जागा दाखवली. "बसा, वासंतीबाई. उत्तरेला पाण्याचा आवाज आहे, दक्षिणेला पायऱ्या उतरतायत. काय करता?"

मी शक्य तेवढ्या मोठ्यानं, सावकाश म्हटलं, "पायऱ्या उतरते."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. परक्या भाषेतलं काही ऐकल्यासारखी त्यांनी अदबीनं मान डोलावली. मग त्यांची नजर माझ्या शेजारच्या रिकाम्या चटईवर गेली, आणि त्यांच्याच तोंडून ती बाई म्हणाली, "एक मिनिट हं. आधी पाण्याकडे बघू या का?"

"चालेल," काका तिला म्हणाले आणि त्यांनी फासा टाकला.

मी मांडी घालून बसले, आणि पुढे माझं काय होतं ते ऐकत राहिले.